करपलेलं मटण, 4.62 हा आकडा आणि मावशीचा प्रश्न

मंडळी, मागच्या पोस्टच्या शेवटी मी "पुढच्या वेळी मास स्पेक्ट्रोमेट्री" असं लिहून बसले होते. ते पुढे ढकलते, कारण मध्ये इचलकरंजीहून मावशीचा फोन आला.

काकांना, म्हणजे मावशीच्या यजमानांना, मागच्या वर्षी मोठ्या आतड्याच्या कॅन्सरचं निदान झालं. वय 59. ऑपरेशन झालं, केमो झाली, आता बरे आहेत. फोन त्यासाठी नव्हता. तिला कुणीतरी व्हॉट्सॲपवर मेसेज पाठवला होता: करपलेल्या मांसात कॅन्सर करणारं विष तयार होतं, जपानी शास्त्रज्ञांनी सिद्ध केलंय, अमेरिकेत अशा बायकांना साडेचार पट कॅन्सर. खाली तंदुरी चिकनचा फोटो. मावशी म्हणाली, "तू ह्यातच शिकतेस न्हवं? मग मला खरं सांग. दर रविवारी मी ह्यांना सुकं तव्यावर चांगलं खरपूस करून वाढायचे. त्यांना तसंच लागायचं. माझ्यामुळं झालं काय गं हे?"

मी पटकन म्हणाले, "नाही गं मावशी, असं काही नसतं." फोन ठेवला आणि जाणवलं की हे उत्तर भाचीचं होतं, संशोधन करणारीचं नव्हतं. ज्या रेणूंवर मी पीएचडी करतेय त्यांच्याबद्दल "असं काही नसतं" हे वाक्य मी प्रबंधात लिहूच शकत नाही. आणि त्या मेसेजमध्ये लिहिलंय तेही लिहू शकत नाही. गंमत म्हणजे त्या मेसेजमधला एकही तुकडा हवेतून आलेला नाही, प्रत्येकामागे छापलेला पेपर आहे. घोळ आहे तो हे तुकडे एकाला एक चिकटवण्यात. म्हणून आज तुमच्यासमोर तेच सोडवून बघते.

सुरुवात जपानपासून. खरं तर त्याही आधी 1939 मध्ये स्वीडनमधल्या लुंड इथे विडमार्क नावाच्या शास्त्रज्ञाने भाजलेल्या घोड्याच्या मांसाचा अर्क उंदरांच्या पाठीवर पुन्हा पुन्हा चोपडला होता आणि मादी उंदरांना स्तनाच्या गाठी झाल्या होत्या. पण मग महायुद्ध आलं आणि हा विषय बराच काळ बाजूला पडला. 1970 च्या दशकात टोकियोच्या नॅशनल कॅन्सर सेंटरमधले ताकाशी सुगिमुरा यांनी तो पुन्हा हातात घेतला. गोष्ट अशी सांगतात की घरी बायको मासे भाजत होती, धूर बघून त्यांना वाटलं की सिगारेटच्या धुरात जे असतं ते ह्यातही असेल का? दुसरं कुणी खिडकी उघडली असती. ह्यांनी धूर गोळा करून लॅबमध्ये तपासला. 1977 मध्ये त्यांच्या गटाने दाखवलं की भाजलेल्या माशाचा धूर आणि करपलेला पृष्ठभाग दोन्ही म्युटाजेनिक आहेत, म्हणजे डीएनएमध्ये बदल घडवणारे आहेत.

हे मोजलं कसं, ते नीट समजून घ्या, कारण पुढची सगळी टीका इथूनच उगवते. ही एम्स टेस्ट. बर्कलीच्या ब्रूस एम्स यांनी साल्मोनेला जिवाणूंच्या खास जाती तयार केल्या. त्यांना हिस्टिडिन हे अमिनो आम्ल स्वतः बनवता येत नाही, कारण त्यांच्या जीनमध्ये मुद्दाम एक बिघाड ठेवलेला असतो. हिस्टिडिन नसलेल्या प्लेटवर त्या उपाशी मरतात. आता त्यात तुमचं रसायन घाला. रसायनाने डीएनएत उलथापालथ केली, तर लाखोंतल्या काही जिवाणूंचा तो बिघाड योगायोगाने दुरुस्त होतो आणि त्यांच्या वसाहती वाढतात. सकाळी येऊन ठिपके मोजायचे. जितके ठिपके जास्त, तितकं रसायन म्युटाजेनिक. सोबत उंदराच्या यकृताचा अर्कही घालावा लागतो, कारण हे रेणू मुळात निरुपद्रवी असतात. त्यांना "पेटवतं" ते आपलंच यकृत.

मग एकेक रेणू वेगळा काढायचं काम सुरू झालं. भाजलेल्या सार्डिन माशातून 1980 च्या सुमारास आयक्यू सापडला (बुद्ध्यांकाशी काही संबंध नाही, रासायनिक नावाचं लघुरूप आहे). तळलेल्या बीफमधून मेआयक्यूएक्स निघाला. 1986 मध्ये कॅलिफोर्नियातल्या लिव्हरमोर इथल्या प्रयोगशाळेत जेम्स फेल्टन यांच्या गटाने पीएचआयपी वेगळा केला. आम्ही त्याला नुसतं "फिप" म्हणतो. लिव्हरमोर ही अण्वस्त्रांची लॅब. तिथे हे लोक बर्गर तळत होते. ह्या सगळ्या कुटुंबाला हेटरोसायक्लिक अमाइन म्हणतात.

ते तयार कसे होतात हे आता जवळजवळ पाठ्यपुस्तकातलं ज्ञान आहे. स्नायूत क्रिएटिन असतं, अमिनो आम्लं असतात, थोडी साखर असते. तापमान दीडशे अंशांच्या वर गेलं आणि वेळ मिळाला, की ह्या तिघांची गाठ पडते. दोनशेच्या पुढे तर वेग फारच वाढतो. म्हणूनच हे प्रकरण मुख्यतः मांस-मच्छीचं आहे. वांगं भाजा, भाकरी करपवा, त्यात क्रिएटिनच नाही. (बटाटा-ब्रेडमधलं ॲक्रिलामाइड ही वेगळी भानगड, ती 2002 मध्ये स्वीडनमध्ये उजेडात आली, तिच्यावर कधीतरी स्वतंत्र लिहीन.) निखाऱ्यावर चरबी ठिबकून जो धूर होतो त्यातलं बेंझोपायरीन हेही वेगळं कुटुंब. 1964 मध्येच कोळशावर भाजलेल्या स्टेकमध्ये ते मोजलं गेलं होतं. आज आपण अमाइनपुरतंच बोलू.

पोटात गेल्यावर यकृतातलं सीवायपी1ए2 नावाचं एन्झाइम ह्या अमाइनवर एक ऑक्सिजन चढवतं, मग दुसरं एन्झाइम त्यावर आणखी एक गट लावतं, आणि शेवटी जो अस्थिर तुकडा उरतो तो डीएनएतल्या ग्वानिनला जाऊन चिकटतो. इथपर्यंतची साखळी इतकी घट्ट आहे की मला खरंच तिचा अभिमान वाटतो. कढईतलं रसायन ते जीनमधला एकेक बदललेला अक्षर, प्रत्येक कडी कुणीतरी हातात धरून तपासलेली आहे.

पण घट्ट साखळी कुठे संपते हे सांगायचं असतं. ते फार कमी ठिकाणी सांगितलं जातं.

पहिली गोष्ट, ठिपक्यांची. सुगिमुरा यांच्या गटाने एम्स टेस्टमधले आकडे कोष्टकात मांडले होते. टीए98 ह्या जातीवर एका मायक्रोग्रॅममागे आयक्यूचे 4,33,000 ठिपके. बेंझोपायरीनचे 320. आणि अफ्लाटॉक्सिन बी1, म्हणजे बुरशी लागलेल्या शेंगदाण्यात आणि मक्यात असतं ते विष, त्याचे 6,000. हे कोष्टक लेखांमध्ये आणि भाषणांमध्ये इतकं फिरलंय की विचारू नका. वाचणारा साहजिकच म्हणतो, अरे बापरे, भाजलेला मासा अफ्लाटॉक्सिनच्या सत्तरपट वाईट! पण अफ्लाटॉक्सिन माणसाला यकृताचा कॅन्सर करतं हे निर्विवाद आहे, आणि उंदरांच्या खाद्यात ते अगदी नखभर असलं तरी गाठी होतात. आयक्यूने गाठी करायला त्याच उंदरांना कितीतरी पट जास्त डोस लागतो. मग ठिपके उलटे का? कारण टीए98 मधला बिघाड एका विशिष्ट प्रकारचा आहे, सीजीसीजी अशी अक्षरं पुन्हा पुन्हा येणारी जागा, आणि आयक्यूसारखे चपटे रेणू तिथे कुलपात किल्ली बसावी तसे बसतात. म्हणजे त्या आकड्यात अर्धी गोष्ट रेणूची आहे आणि अर्धी जिवाणूची. त्याच कोष्टकात फिप बघा: फक्त 1,800. आयक्यूच्या तुलनेत किरकोळ. पण मांसात सगळ्यात जास्त सापडतो तो फिपच. एम्स टेस्टने "ह्यात काहीतरी आहे" हे सांगायचं असतं. "किती धोकादायक" हे सांगायला ती बनवलेलीच नाही. खुद्द एम्स यांनी पुढची कित्येक वर्षं हेच सांगण्यात घालवली की प्राण्यांवर भरमसाट डोसमध्ये तपासलेल्या रसायनांपैकी जवळपास निम्मी "कॅन्सरकारक" ठरतात, आणि त्यात कॉफीतलीही बरीच आहेत. त्यांची टेस्ट सगळ्यांनी उचलली. हे म्हणणं मात्र पुढे ढकललेल्या मेसेजमध्ये कधी आलं नाही.

दुसरी गोष्ट डोसची. 1991 चा उंदरांवरचा प्रसिद्ध प्रयोग: वर्षभर खाद्यात फिप, प्रमाण 400 पीपीएम. निम्म्याच्या आसपास नरांना आतड्याचा आणि निम्म्याच्या आसपास माद्यांना स्तनाचा कॅन्सर झाला. नेमके माणसात नेहमी आढळणारे दोन कॅन्सर, म्हणून सगळे दचकले, आणि दचकायलाच हवं होतं. पण 400 पीपीएम म्हणजे खाद्याच्या प्रत्येक ग्रॅममध्ये 400 मायक्रोग्रॅम. चांगल्या करपलेल्या बर्गरमध्ये ग्रॅममागे दहा-तीस नॅनोग्रॅम सापडतात. फरक दहा हजार पटींच्या पुढे. आजवरच्या वाईटात वाईट नमुन्यांपैकी एक, खूप वेळ ग्रिल केलेलं चिकन, 480 नॅनोग्रॅम. ते धरलं तरी उंदराचा घास आठशे पट जास्त कडक, आणि तोही वर्षभर रोजचा.

इथे "मग काही घाबरू नका" म्हणून मोकळं होणारे लोकही आहेत. त्यांच्यावरही माझा आक्षेप आहे. उंदीर फिपचा बराच भाग निरुपद्रवी करून बाहेर टाकतो. माणसाचं सीवायपी1ए2 मात्र फिपला जास्त कार्यक्षमतेने "पेटवतं". म्हणजे डोसचा फरक नुसता भागाकार करून मिटत नाही. शिवाय हे एन्झाइम प्रत्येकात कमी-जास्त असतं, सिगारेट ओढणाऱ्यांत वाढलेलं असतं. उंदरावरून माणसाचा आकडा काढणं दोन्ही बाजूंनी अवघड आहे.

तेव्हा शेवटी माणसांकडेच बघायला लागतं. आणि इथे येतो तो 4.62.

मेसेजमधले "साडेचार पट" 1998 च्या एका अमेरिकन पेपरमधून आले आहेत. आयोवा राज्यातल्या 41,836 बायकांचा एक मोठा अभ्यास आधीपासून चालू होता. त्यातल्या 1992 ते 1994 मध्ये स्तनाचा कॅन्सर झालेल्या बायकांना आणि न झालेल्यांपैकी काहींना पोस्टाने प्रश्नावली पाठवली. बर्गर, स्टेक आणि बेकन किती भाजलेलं खाता, सोबत रंगीत फोटो, ह्यातला कुठला तुमच्या ताटातल्यासारखा? शेवटी हिशेबात 273 रुग्ण आणि 657 निरोगी बायका. तिन्ही गोष्टी कायम अगदी खरपूस खाणाऱ्या बायकांचा धोका, कमी भाजलेलं खाणाऱ्यांच्या 4.62 पट.

आता पेपर उघडलात तर त्या आकड्याच्या शेजारीच कंसात आणखी दोन आकडे दिसतील: 1.36 ते 15.70. सोप्या भाषेत, आमचा डेटा ह्या पट्ट्यातल्या कुठल्याही आकड्याशी जुळतो. दीडपटही असेल, पंधरापटही असेल. इतका रुंद पट्टा येतो तेव्हा समजायचं की त्या टोकाच्या गटात बायका थोड्या होत्या. लेखकांनी हे लपवलेलं नाही. बातमीत मात्र कंस गळून पडतो, नेहमीच गळून पडतो.

पण माझा खरा आक्षेप कंसावर नाही, प्रश्न कधी विचारला त्यावर आहे. निदान झाल्यानंतर.

आणि इथे मला मावशी आठवली. मावशीला आज गेल्या तीस वर्षांतला प्रत्येक खरपूस रविवार आठवतो. तवा आठवतो, काळी कड आठवते, काका "अजून थोडं होऊ दे" म्हणायचे ते आठवतं. तिच्या शेजारच्या घरीही असंच सुकं होत असणार, पण त्या घरात कुणी आजारी नाही, त्यामुळे त्या वहिनींना विचारलं तर त्या म्हणतील, "नेहमीसारखंच करतो की." दोघींना तेच फोटो दाखवले, तर मावशी काळा फोटो निवडेल आणि वहिनी तपकिरी. दोघीही खोटं बोलणार नाहीत. आमच्या शास्त्रात ह्याला आठवणीचा पक्षपात म्हणतात. पुस्तकात तो दोन ओळींत येतो. फोनवर ऐकला तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की त्या दोन ओळींमध्ये काय काय असतं. "माझ्यामुळं झालं काय" हा प्रश्न मनात घेऊन भरलेली प्रश्नावली म्हणजे काय, विचार करा.

ह्यावर उपाय एकच, आजार व्हायच्या आधी विचारायचं आणि मग वाट बघायची. अमेरिकेत तेही झालं. सुमारे 1 लाख 20 हजार बायकांना आधीच मांस आणि ते शिजवायची पद्धत विचारून ठेवली, पुढे त्यातल्या 3,818 जणींना रजोनिवृत्तीनंतरचा स्तनाचा कॅन्सर झाला. 2009 मध्ये निकाल आला: खरपूस मांसाशी संबंध दिसत नाही. 4.62 चं काय झालं? हवेत विरलं. हा पेपर तुमच्या व्हॉट्सॲपवर आला का कधी? माझ्याही आला नाही.

मग सगळंच खोटं का? नाही, आणि इथे मला सावकाश जायचंय, कारण काकांचा कॅन्सर आतड्याचा होता. त्याच मोठ्या अभ्यासातल्या स्त्री-पुरुष मिळून 3,00,948 लोकांवरचा, मोठ्या आतड्याच्या कॅन्सरचा निकाल 2010 मध्ये आला. रुग्ण 2,719. मेआयक्यूएक्स सगळ्यात जास्त खाणारा पाचवा हिस्सा विरुद्ध सगळ्यात कमी खाणारा पाचवा हिस्सा: 1.19. फिपचा संबंध दिसला नाही. त्याच पेपरमध्ये मांसातल्या लोहाचा, म्हणजे हीम आयर्नचा, आकडा 1.13 आणि प्रक्रिया केलेल्या मांसातल्या नायट्रेटचा 1.16. म्हणजे धोका आहे, छोटा आहे, आणि तो करपलेपणाचा किती, लोहाचा किती, नायट्रेटचा किती हे वेगळं करणं महाकठीण, कारण जो माणूस जास्त खरपूस मांस खातो तो मुळात मांसच जास्त खातो. स्टॉकहोममध्ये 1999 साली झालेल्या अभ्यासात तर आतडं, मूत्राशय, मूत्रपिंड कशातच अमाइनमुळे वाढ दिसली नव्हती.

1.19 म्हणजे किती? समजा एखाद्या समाजात हजारातल्या 20 जणांना हा कॅन्सर होणारच असेल, तर जास्त खाणाऱ्या हजारांत सुमारे 24 जणांना होईल. ते चार जण खरे आहेत. पण त्या चोविसांच्या रांगेतल्या एकाकडे बोट दाखवून "हा त्या चारांतला" असं म्हणण्याची सोय कुठल्याच शास्त्रात नाही. गाठीवर लेबल नसतं.

2015 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने 800 हून जास्त अभ्यास चाळून निकाल दिला तेव्हा जगभर मथळे झाले. प्रक्रिया केलेलं मांस गट 1, म्हणजे माणसात कॅन्सर करतं हे नक्की, रोजच्या 50 ग्रॅममागे आतड्याच्या कॅन्सरचा धोका 18 टक्क्यांनी जास्त. लाल मांस गट 2ए, म्हणजे बहुधा करतं. हे तुम्ही वाचलं असेल. पण त्याच निकालात हेही होतं की मांस कसं शिजवलं त्याने धोका बदलतो का, हे ठरवायला पुरेसा डेटा नाही. सुगिमुरांच्या शोधानंतर जवळजवळ चाळीस वर्षांनी! हे वाक्य मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं आणि तेच सगळ्यात कमी छापलं गेलं. शिवाय हे गट पुरावा किती पक्का हे सांगतात, धोका किती मोठा हे नाही. सॉसेज आणि सिगारेट एकाच गटात आहेत म्हणून ती सारखी घातक ठरत नाहीत.

चाळीस वर्षांत डेटा का जमला नाही, तर मोजायची पट्टी कच्ची आहे म्हणून. अमेरिकेच्या नॅशनल कॅन्सर इन्स्टिट्यूटने त्यासाठी एक डेटाबेस बनवला, नाव "चार्ड", म्हणजे करपलेलं (आमच्या क्षेत्रातला विनोद ह्याच पातळीचा असतो). माणसाने सांगायचं किती वेळा, कशावर, कुठल्या फोटोइतकं भाजलेलं. मग डेटाबेस सांगणार, लॅबमध्ये असं भाजलेल्या मांसात इतके नॅनोग्रॅम. गुणाकार करा, झालं. आधीच्या परिच्छेदांतला 1.19 ह्याच गुणाकारातून आलाय. अंदाजाला अंदाजाने गुणलं की खरा संबंध असला तरी तो पुसट होतो. म्हणून 1.19 हा आकडा खऱ्याहून लहानही असू शकतो. माझी टीका दोन्हीकडे कापते ती अशी.

आणि त्या फोटोंत बर्गर आहे, स्टेक आहे. मावशीचं सुकं नाही. आता तुम्हीच बघा ती काय करते. इचलकरंजी-कोल्हापूरकडे मटण आधी पाण्यात शिजवतात. त्या पाण्याला अळणी म्हणतात, त्यातलं थोडं लहान मुलांना वाटीत मिळतं, बाकीचं रश्श्यात जातं. शिजलेले तुकडे मग मसाल्यात परतून सुकं. लिव्हरमोरच्या गटाने 1994 मध्ये दाखवलं होतं की बर्गर तव्यावर टाकण्याआधी थोडा वेळ मायक्रोवेव्हमध्ये ठेवून सुटलेला रस ओतून दिला, तर अमाइन नव्वद टक्क्यांपर्यंत कमी होतात, कारण क्रिएटिन त्या रसाबरोबर निघून जातं. अळणी काढणं म्हणजे रसायनशास्त्राच्या हिशेबाने तेच. क्रिएटिन पाण्यात विरघळतं, आणि उकळतं पाणी शंभराच्या वर जात नाही, कुकरमध्ये फार तर एकशेवीस. मावशीच्या तव्यावर जे येतं त्यातला कच्चा माल बराचसा आधीच पातेल्यात उतरलेला असतो. काळी कड काळीच दिसते, पण काळेपणा आणि अमाइन एकास एक जुळत नाहीत. फोटो बघून ठरवणाऱ्या पद्धतीला हे दिसूच शकत नाही.

मसाल्यांबद्दलही सांगते, कारण "मॅरिनेशनने कॅन्सर टळतो" हाही एक मेसेज फिरतोय. मूळ पेपर 1997 चा, पुन्हा लिव्हरमोर. चिकन मुरवून ग्रिल केलं, फिप 92 ते 99 टक्क्यांनी घटला. टाळ्या. पण त्याच पेपरमध्ये, जास्त वेळ ग्रिल केल्यावर, मेआयक्यूएक्स दहापटींहून वाढला. त्यांच्या मॅरिनेडमध्ये ब्राउन शुगर होती. आणि आतड्याच्या अभ्यासात संबंध दिसला तो कुणाचा? मेआयक्यूएक्सचा. तेव्हा "अमुक टक्के घटलं" असं कुणी म्हणालं की आधी विचारा, काय घटलं? हळदीवरचं कान्सासमधलं 2011 चं काम मला जास्त आवडतं, बीफच्या टिकियांमध्ये हळदीने अमाइन सुमारे चाळीस टक्क्यांनी कमी केले. तरी हे टिकियांमधलं प्रमाण आहे, माणसातल्या कॅन्सरचं नाही. मिनिटामिनिटाला उलटत राहिलं तर अमाइन कमी होतात, हेही मोजलेलं आहे. घरात करायला सोपं, म्हणून सांगते.

पट्टी सुधारायचं सगळ्यात मजेशीर काम मिनेसोटाच्या रॉबर्ट तुरेस्की यांच्या गटाचं आहे. लघवीत फिप एखादा दिवस टिकतो. त्यावरून कालचं जेवण कळेल, दहा वर्षांचं नाही. पण फिप केसातल्या मेलॅनिनला घट्ट धरून बसतो, केस वाढतो तसा नोंद ठेवत जातो. मांस खाणाऱ्यांच्या केसात तो पिकोग्रॅममध्ये मोजता येतो, शाकाहारींच्यात जवळजवळ नसतो. म्हणजे कुणाच्या आठवणीला विचारायलाच नको. अडचण इतकीच की केसात मुख्यतः फिपच साठतो, मेआयक्यूएक्स नाही, आणि पांढऱ्या केसात मेलॅनिन नसतं. काकांच्या डोक्यावर तर मोजायला तेवढेही उरलेले नाहीत.

हे सगळं डोक्यात घेऊन मी परवा मावशीला परत फोन केला. म्हटलं, "मावशी, त्या दिवशी मी घाईत बोलले. करपलेल्या मांसात ते रेणू असतात हे खरं आहे. पण तुझ्या तव्यामुळे काकांना झालं असं कुणीही सांगू शकत नाही. मी नाही, डॉक्टर नाही, तो मेसेजवालाही नाही. आणि तू आधी अळणी काढतेस, त्यामुळे तुझ्या सुक्यात ते बहुतेक कमीच असणार." ती थोडा वेळ गप्प होती. मग म्हणाली, "मग आता सुकं करू का नको?" मी म्हटलं, "कर. रोज नको, काळ्या कडा काढून टाक, सारखं परतत राहा."

मग मी तिला विचारलं, "धाकटे काका किती वर्षांचे आहेत?" काकांचे सख्खे भाऊ. म्हणाली, 54. त्यांची कोलोनोस्कोपी झाली का? "त्याला काय झालंय?" काही झालेलं नाही म्हणूनच विचारतेय, म्हटलं. अमेरिकी मार्गदर्शक सूचनांप्रमाणे आई-वडील किंवा सख्ख्या भावंडाला साठीच्या आत हा कॅन्सर झाला असेल, तर 40 व्या वर्षी किंवा त्या नातेवाइकाच्या निदानाच्या वयाच्या 10 वर्षं आधी, जे लवकर येईल तेव्हा, आतड्याची दुर्बिणीने तपासणी सुरू करायची. कॅन्सर व्हायच्या आधीची गाठ तिथल्या तिथे काढता येते. दादा, म्हणजे काकांचा मुलगा, 36 चा आहे, त्याला अजून चार वर्षं आहेत. धाकट्या काकांना चौदा वर्षं उशीर झालाय. वर्षभर घरात मटण, तवा, तेल, सगळ्यावर चर्चा झाली, आणि हे कुणाच्या तोंडी आलं नव्हतं. माझ्याही नाही.

दादाने काल मेसेज केला. धाकट्या काकांना पुढच्या गुरुवारची वेळ मिळाली आहे, कोल्हापूरला. आदल्या दिवशी पोट साफ करायचं औषध घ्यायला लागणार म्हणून ते आत्तापासूनच कुरकुरतायत.